आधी बोंड फोडून पाहा

ताई, आमचे हे एकोणचाळीस वर्षांचे आहेत. चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. पोळ्याच्या सुमारास त्यांच्या मानेला डाव्या बाजूनं बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता ती लिंबाएवढी झाली आणि तिच्या खाली आणखी दोन बारीक गाठी हाताला लागतात. संध्याकाळी अंगात कसर असते, वजनही उतरलं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची सवय आहे, दिवसाला चार-पाच पुड्या होतात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कागदावर 'एफएनएसी' लिहून दिलं आणि यवतमाळला जा म्हणाले. घरी सांगितलं तर भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, म्हणतात, "सुई लावू नोका. सुई लावली का गाठ पिसायते. आपल्याच गावात त्या बुढीले सुई लावली अन् तीन महिन्यात गेली." सासूबाईंनी वैदूकडून लेप आणला, तो पंधरा दिवसांपासून लावतो. हे म्हणतात, वेचणी आटोपू दे, मग पाहू. माझ्याही दंडावर आठ वर्षांपासून एक मऊ गाठ आहे, तिचंही सांगा. सुई लावू द्यावी का? नाव-गाव छापू नका.

एक वाचक, दारव्हा तालुका

ताई,

सुई लावू द्या. आणि वेचणी आटोपायची वाट पाहू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं विदर्भातल्याच सरकारी दवाखान्यांत लोकांच्या गाठींना सुई लावून, काचेवर आलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले. तुमच्या भासऱ्यांचं ते वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. ते बोलणारा माणूस अडाणी नसतो. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते असं असतं: म्हातारीच्या गळ्याला गाठ आली. सहा महिने लेप झाला, मंतरलेला दोरा झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. गाठ वाढली, घास उतरेना, तेव्हा कुठं गाडी करून नागपूरला नेलं. तिथं सुई लावली, कॅन्सर निघाला, आणि तोवर तो हाताबाहेर गेलेला होता. तीन महिन्यांत म्हातारी गेली. आधीच्या सहा महिन्यांत गावाला सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. सुई लागली तो दिवस मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिला. मरण सुईच्या मागून आलं, म्हणून ते सुईनं आणलं असं झालं.

गुलाबी बोंडअळी काय असते ते मी तुमच्या घरात सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवंगार, गच्च. अळी आत शिरल्यावर छिद्रसुद्धा बुजून जातं. म्हणून तर सांगतात की शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा, वीसात दोन किडकी निघाली तर फवारणीची वेळ झाली. आता बोंड फोडल्यामुळं अळी वावरात पसरली, असं तुमचे भासरे कधी म्हणतील का? अळी होतीच. फोडलं म्हणून दिसली. एफएनएसी म्हणजे एवढंच. बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घ्यायच्या आणि आत काय आहे ते पाहायचं.

सुईच्या वाटेनं कॅन्सरच्या पेशी सांडल्याच्या नोंदी वैद्यकात अजिबात नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण मानेच्या, काखेच्या, कातडीखालच्या गाठीत एवढ्या बारीक सुईनं तसं होणं फार म्हणजे फारच विरळा. जिथं खरा धोका असतो तिथं आम्ही स्वतःच सुई लावत नाही. पुरुषाच्या वृषणातली गाठ त्यातलीच. बोटाखाली ठोके देणारी गाठ रक्तवाहिनीची असू शकते, तिलाही नाही. तान्ह्या बाळाच्या पाठीच्या कण्यावर मऊ फुगवटा असेल तर त्यालाही नाही. तुमच्या मालकांची गाठ यातली वाटत नाही, आणि तिथले डॉक्टर हात लावून हे आधी पाहतीलच.

त्या खोलीत काय होतं ते नीट सांगते, कारण अर्धी भीती तिथं काय करतात ते ठाऊक नसल्याची असते. त्यांना टेबलावर आडवं करतील, खांद्याखाली उशी देऊन मान जराशी मागे. आधी नुसत्या बोटांनी गाठ चाचपतील. हलते का, खालच्या भागाला चिकटलेली आहे का, दगडासारखी टणक की रबरासारखी. मग स्पिरिटचा बोळा. सुई बहुधा २३ किंवा २४ नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि २३ नंबरच्या सुईची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर भरते. रक्त काढताना पुष्कळदा याहून जाड सुई वापरतात. भूल बहुतेक ठिकाणी देत नाहीत, कारण भुलीचं इंजेक्शनही टोचावंच लागतं आणि त्याचं पाणी गाठीत मिसळलं की पेशी नीट दिसत नाहीत.

एका हाताच्या दोन बोटांत गाठ घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं सुई आत घालायची. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला की आत ओढ तयार होते. मग सुई गाठीतल्या गाठीत पाच-सात वेळा मागे-पुढे, जराशी दिशा बदलत. त्या काही सेकंदांत मी पेशंटला सांगते, भाऊ, आवंढा गिळू नका, बोलू नका, फक्त माझ्याकडं पाहा. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्यायचा, नाहीतर सगळा माल सिरिंजमध्ये उडून जातो. तो सुईच्या पोकळीतच राहायला हवा. सिरिंज रिकामी दिसते म्हणून नातेवाईक हळूच विचारतात, "काहीच नाही निघालं का, मॅडम?" निघालेलं असतं. सुई सोडवायची, सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई परत लावायची आणि काचपट्टीला टेकवून दट्ट्या दाबायचा. मोहरीएवढा थेंब येतो. दुसरी काच त्यावर टेकवून अलगद ओढली की त्याचा पातळ थर पसरतो. असं दोन-तीनदा करावं लागतं, म्हणून दुसऱ्यांदा टोचलं तर पहिलं चुकलं असं समजू नका. नंतर पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा. एखाद्याला तिथं थोडं काळंनिळं होतं, चार दिवसांत जातं. तेवढंच.

त्या थेंबाकडं पाहूनही पुष्कळ कळतं. चरबीची गाठ असेल तर काचेवर तेलकट डाग पडतो आणि वाळता वाळत नाही. कातडीखाली साचलेल्या खपल्यांची गाठ असेल, जिच्यावर बारीक काळा ठिपका दिसतो ती, तर खव्यासारखा पांढरा, वास मारणारा माल येतो. टीबीच्या गाठीतून कितीतरी वेळा फाटलेल्या दुधासारखं पिवळसर काहीतरी निघतं. पक्कं मात्र रंग दिल्यावरच कळतं. काही काचा लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही नुसत्या हवेवर वाळवतात, आणि दोन्हींना वेगवेगळे रंग देतात. ही तपासणी काल-परवाची नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात मार्टिन आणि एलिस यांनी सुईनं गाठी तपासून त्याबद्दल १९३० साली लिहिलं होतं. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे, त्यामुळं आमच्याकडं कधीकधी साध्या वाटणाऱ्या गाठीच्या काचेवर पेशींच्या मधोमध त्याचा जंतू वेटोळं करून पडलेला दिसतो. एका बाईची काखेतली गाठ कॅन्सरची समजून घरचे रडत आले होते आणि निघाली ती अशी. तो दिवस मी विसरणार नाही.

आता तुमच्या मालकांकडं येते. पत्रावरून निदान करणं चूक आहे आणि मी ते करणार नाही. पण डॉक्टरांनी तो कागद का लिहिला ते तुम्हाला कळायला हवं. त्यांच्या मनात दोन शंका असणार.

पहिली टीबीची. टीबी फक्त छातीचा नसतो. मानेच्या बाजूला न दुखणाऱ्या, एकीला लागून एक अशा गाठी, संध्याकाळची कसर, उतरत चाललेलं वजन, हे त्याचं नेहमीचं चित्र आहे. तसं निघालं तर उपचार आहे आणि तो मोफत आहे. साधारण सहा महिने रोज गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात येते, म्हणून पासबुक आणि आधार सोबत ठेवा. नुसत्या गाठीचा टीबी घरातल्या लेकरांना लागत नाही. छातीतही आहे का ते पाहायला एक्स-रे आणि थुंकीची तपासणी मात्र करतात, ती करून घ्या. आणखी एक, हे फार थोड्या जणांना सांगितलं जातं: गोळ्या सुरू झाल्यावर काही जणांची गाठ आधी वाढते, एखादी नवीही येते. औषध लागू पडत नाही असं समजून लोक तिथंच गोळ्या सोडतात. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या तुमच्या मनानं बंद करू नका.

दुसरी शंका खर्र्याची. आज घरीच त्यांना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर तोंड आकसायला लागलं आहे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, खर्रा जिथं धरून ठेवतात तिथं पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठळल्यासारखं काही आहे का ते बॅटरीनं पाहा. तोंडाचा कॅन्सर पुष्कळदा मानेच्या गाठीतूनच आधी ध्यानात येतो, आणि ती गाठ दगडासारखी टणक लागते. तसं काही दिसलं तर यवतमाळला गेल्यावर पहिल्यांदा तेच सांगा. खर्रा लपवू नका. आमच्यासमोर "कधीमधी" म्हणतात आणि खिशातून पन्नी डोकावत असते. आम्ही रागवायला बसलेलो नसतो. खर्रा किती वर्षांचा आहे यावर सुई कुठं लावायची आणि काचेवर काय शोधायचं ते ठरतं.

तुम्हाला एका पोराचं सांगते. चौदा वर्षांचा, नववीतला. मानेला अशीच गाठ, मऊ झालेली, वरची कातडी लालसर. कुणीतरी गावातच ब्लेडनं चीर दिली, 'पू काढून टाकला'. तो टीबीचा थंड फोड होता. गरम नसतो, ठणकत नाही, म्हणून आम्ही त्याला थंड म्हणतो. असा फोड चिरला की वाट पडते आणि ती मिटत नाही. माझ्याकडं आला तेव्हा दहा महिने ती जखम गळत होती. शाळेत मुलं जवळ बसायची नाहीत, म्हणून तो गळ्याला रुमाल बांधून यायचा. सुई अशी वाट पाडत नाही, कारण ती बारीक असते आणि मऊ झालेल्या गाठीत आम्ही ती लाल कातडीतून सरळ न घालता बाजूच्या निरोगी कातडीतून तिरपी घालतो. गाठ चिरायला कुणी निघालं तर हात धरा. गोळ्या लागू पडल्या आणि त्या पोराची जखम भरली. व्रण राहिलाच.

लेप आजच धुऊन काढा. वैदूशी भांडू नका, सासूबाईंना दुखवू नका, पण लेपानं कातडी भाजली, फोड आले, तर तिथं सुई लावायला जागा राहत नाही आणि गाठ वरून कशी दिसते तेही कळत नाही. पंधरा दिवसांत गाठ कमी झाली नाही, एवढं त्यांनाही दिसलंच असेल.

आता या तपासणीची उणी बाजूही सांगायला हवी, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर गोंधळ होणार नाही. सुई गाठीच्या एवढ्याशा भागातून पेशी काढते. वीस बोंडं फोडली, वीसही निरोगी निघाली, तरी एकविसाव्यात अळी असू शकते. म्हणून 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' आणि 'कॅन्सर नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताला गाठ वाईट वाटत असेल तर चांगला डॉक्टर नुसत्या चांगल्या रिपोर्टवर थांबत नाही. रिपोर्टवर 'इनॲडिक्वेट' लिहून आलं तर त्याचा अर्थ पेशी पुरेशा आल्या नाहीत, परत या. ते वाचून लोक घरी निघून जातात, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे कुठल्यातरी साध्या संसर्गानं सुजलेली गाठ. किडका दात, डोक्यातल्या उवांच्या जखमा, अनवाणी चालून पायाला झालेली चीर यांनीही गाठी येतात. मात्र तशी गाठ महिनाभरात ओसरायला हवी, न ओसरली तर पुन्हा दाखवायची. 'ग्रॅन्युलोमॅटस' लिहिलं असेल तर आपल्याकडं बहुतेक वेळा टीबीकडं बोट असतं. 'मेटास्टॅटिक' म्हणजे कॅन्सर दुसरीकडून गाठीत आला आहे, मूळ शोधायचं आहे. हा शब्द दिसला तर एक दिवसही घालवू नका.

लिम्फोमा नावाचा गाठींचाच कॅन्सर असतो, तो सुईवर नुसता संशय येण्यापुरता कळतो. त्याचा प्रकार ठरवायला आख्खी गाठ काढून तपासावी लागते. म्हणून सुईनंतर 'आता बायोप्सी करू' म्हणाले तर फसवलं असं समजू नका. आणि गाठ काढायची वेळ आलीच तर सर्जनना आधी विचारा, की एक तुकडा टीबीच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये ठेवणार ना? सगळीच गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली की त्यातले जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत.

हेच सुईच्या वेळीही लक्षात ठेवा. खोलीत जाण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, "टीबीचीही शंका आहे, सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला थोडा माल ठेवाल का?" एका टोचण्यात दोन्ही कामं होतात. काचेवर टीबीसारखं चित्र दिसतं, पण जंतू टीबीचाच आहे का आणि नेहमीच्या औषधाला दाद देणारा आहे की नाही, ते ही मशीन सांगते. मागाहून सुचलं तर परत यवतमाळची एसटी धरावी लागेल, आणि वेचणीच्या दिवसांत ती चक्कर तुम्हाला परवडणारी नाही.

यवतमाळला म्हणजे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. ग्रामीण रुग्णालयाचा कागद, आधार, रेशन कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन सकाळीच पोचा, कारण ओपीडीत नंबर लागायला वेळ जातो. उपाशीपोटी जायची गरज नाही, उलट भाकर खाऊन जा, रिकाम्या पोटी सुई पाहून चक्कर येते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. अंगात बटणांचा शर्ट असू द्या. टेबलावर बसण्याआधी खर्रा थुंकून चूळ भरायला सांगा. सरकारी ठिकाणी केसपेपर आणि तपासणीची काही फी लागली तरी ती खासगीपेक्षा कितीतरी कमी असते. पुढं कॅन्सरचा उपचार लागलाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. पण ते पुढचं झालं. आणखी एक हक्क तुमच्याकडं आहे: दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर त्याच काचा मागून नेता येतात. परत टोचावं लागत नाही.

तुमच्या दंडावरची गाठ. आठ वर्षं आहे, मऊ आहे, दाबली की बोटाखालून सटकते, तशीच्या तशी आहे, असं असेल तर ती बहुधा चरबीची गाठ, आणि तिला काहीच करायची गरज नाही. मालकांसोबत जाल तेव्हा डॉक्टरांना एकदा हात लावून पाहू द्या. ती अलीकडं भराभर वाढायला लागली, टणक झाली, दुखायला लागली, खाली रुतून बसली किंवा पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा मोठी झाली, तर मात्र तिचीही तपासणी करून घ्या. तुमची आठ वर्षांची गाठ आणि त्यांची चार-पाच महिन्यांची गाठ यांना एका मापानं मोजू नका. बाया स्वतःची गाठ सांगतच नाहीत, नवऱ्याच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहितात. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

वेचणीचं मला कळतं. मजूर मिळत नाहीत, कापूस झाडावर राहिला तर पावसानं काळा पडतो. पण हे काम एका दिवसाचं आहे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघालात तर संध्याकाळी घरी. रिपोर्टला दोन-चार दिवस लागतात, तो आणायला दुसरं कुणी गेलं तरी चालेल.

आणि भासऱ्यांनाच सोबत न्या. घरात त्यांचा शब्द चालतो, म्हणून त्यांनीच तिथं उभं राहिलेलं बरं. सुई लागते तेव्हा त्यांना भावाच्या डोक्याशी उभं करा, हात धरायला सांगा. मग तिथल्या डॉक्टरांना विचारा, जमत असेल तर यांना काच दाखवाल का. गर्दी नसली तर आम्ही पुष्कळदा दाखवतो. एकदा एक म्हातारे बाबाजी डोळा लावून कितीतरी वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तर आधीच आत बसून होतं वो, माय." रिपोर्ट आला की मला लिहा. त्यातला जो शब्द कळणार नाही, तो जसाच्या तसा उतरवून पाठवा.